जावळाच्या रंगावर झालेली वाटणी

सोलापूर जिल्ह्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. नाव-गाव गाळून त्याचा सारांश असा:

"आम्ही दोघे भाऊ. जवळपास तीन वर्षांपूर्वी आमची वाटणी झाली तेव्हा घरात दोन घोड्या होत्या, एक मुश्की म्हणजे पूर्ण काळी आणि एक कुमैत म्हणजे तांबूस तपकिरी. दोन्ही शेजारच्या गावातल्या एकाच पांढऱ्या घोड्यापासून, पंधरा दिवसांच्या अंतराने व्याल्या होत्या. दोघींना शिंगऱ्याच झाल्या आणि दोघींच्या कपाळावर लहानसा पांढरा टिकला होता. काळीची शिंगरी जन्मतःच कोळशासारखी काळी, तुकतुकीत. कुमैतची मात्र उंदराच्या रंगाची, मळकी, पायांकडे फिकी. दादा मोठा म्हणून आईने त्याला आधी निवडायला सांगितलं. त्याने काळी घोडी आणि तिची शिंगरी घेतली. कुमैत आणि तिची मळकी शिंगरी माझ्याकडे आली. दूध तुटल्यावर दादाचा गोठा बांधून होईपर्यंत चार महिने दोन्ही शिंगऱ्या माझ्याच शेतावर होत्या. तेव्हा दोन्ही काळ्याच दिसत होत्या.

"आज माझी शिंगरी काळीभोर आहे. दादाची दीड वर्षाची झाल्यापासून डोळ्यांभोवती पांढरी होत गेली आणि आता तिचं सगळं तोंड करडं झालंय. दादा म्हणतो, 'काळीची पोर काळीच असणार, कुमैतच्या पोटी काळी येईलच कशी? तू शेतावर असताना अदलाबदल केलीस.' एकजण त्याला म्हणाला, हा गर्रा म्हणजे पांढरे केस मिसळलेला रंग आहे, असाच राहील. दुसरा म्हणाला, कोड आहे. तिसऱ्याने कलप लावून बाजारात न्यायचा सल्ला दिला. उन्हाळ्यात माझी घोडी तांबूस पडते, तेव्हा दादा म्हणतो की तीही खरी काळी नाहीच, तेलिया कुमैत आहे. आई म्हणते, देऊन टाक, भावापेक्षा घोडी मोठी नाही. बायको म्हणते, अडीच वर्षं आपण खपलो. मी अदलाबदल केलेली नाही. पण एक सांगायचं राहिलंय. वाटणीच्या आधी माझ्या मेहुण्याने ती मळकी शिंगरी पाहून मला म्हटलं होतं, 'ही काळी निघेल बघ.' ते मी दादाला कधी सांगितलं नाही. आता काय करू?"

उत्तर:

रंगावरून अदलाबदल सिद्ध होत नाही. तुमच्या पत्रातला रंगांचा तपशील उलट तुमच्या बाजूने बोलतो. पण तो किती बोलतो आणि कुठे गप्प बसतो, हे नीट समजून घेतल्याशिवाय दादांसमोर जाऊ नका. मी तीस वर्षं जनावरांची डॉक्टर आहे. शिंगराच्या रंगावर पैज लावून तोंडघशी पडलेले जाणते घोडेवाले मी पाहिले आहेत, आणि माझ्याही हातून एकदा चूक झाली आहे, ती पुढे सांगते.

दादांच्या आरोपाखाली तीन समजुती आहेत. काळीची पोर काळी, कुमैतच्या पोटी काळी येत नाही, आणि जन्मताना जो रंग तोच कायमचा. तिन्ही चुकीच्या आहेत. पण दादांना दोष देऊ नका, कारण या समजुती अर्ध्या महाराष्ट्राच्या आहेत.

तिसरीपासून सुरुवात करू, कारण वाटणी तिच्यावरच झाली. आपण बाळाचं जावळ उतरवतो. त्या पहिल्या केसांवरून पोराचे केस पुढे कसे होतील हे कुणी सांगत नाही. शिंगराचंही जावळ असतं. साधारण तीन-चार महिन्यांचं झालं की ते गळायला लागतं, आधी डोळ्यांभोवती आणि तोंडावर, मग अंगावर, आणि खालून दुसरा कोट येतो. काही रंग या दोन कोटांत इतके बदलतात की फोटो शेजारी ठेवले तर एकच जनावर आहे यावर विश्वास बसत नाही.

आता नीट लक्ष द्या. जे शिंगरू पुढे कायमचं काळं राहणार असतं ते बहुतेक वेळा काळं जन्मत नाही. ते राखी, उंदराच्या रंगाचं, पोटाकडे आणि पायांकडे फिकं असं येतं. जावळ गळताना डोळ्यांच्या कडेने काळे पट्टे दिसू लागतात आणि महिन्याभरात ते मळकं पोर काळं होऊन उभं राहतं. उलट, जे शिंगरू पुढे पांढरं होणार असतं ते जन्मताना अनेकदा गडद, पक्क्या रंगाचं, मोठ्या घोड्यासारखं तुकतुकीत दिसतं. म्हणून जन्मतःच कोळशासारखं काळं शिंगरू आणि बाप पांढरा, असं दिसलं की अनुभवी माणूस आधी त्याच्या पापण्यांत पांढरे केस आहेत का ते पाहतो. काही खरी काळी शिंगरंही काळीच जन्मतात, त्यामुळे हा नियम नाही, कल आहे. तुमच्या मेहुण्याला हा कल ठाऊक असावा.

म्हणजे तुमच्या घरात जे घडलं ते अगदी नेहमीच्या वाटेने घडलं. तुकतुकीत काळी जन्मली ती पांढरी होत चालली आणि मळकी जन्मली ती काळी झाली. अदलाबदल झाली असती तर उलटं मानावं लागेल, की मळकी राखी जन्मलेली पांढरी व्हायला लागली आणि कोळशासारखी जन्मलेली तशीच राहिली. अशक्य नाही, पण वाट आडवळणाची आहे. पारडं तुमच्याकडे झुकतं ते एवढ्यामुळेच. याला पुरावा म्हणू नका.

आता बापाकडे येऊ. "पांढरा घोडा" म्हणून सांगितला जाणारा घोडा दोन वेगळ्या प्रकारचा असू शकतो आणि आपल्याकडे वरातीच्या बाजारात दोन्ही पांढरेच. नुकरा जन्मतःच पांढरा असतो आणि त्याची कातडी गुलाबी असते. सब्जा गडद जन्मतो, वर्षागणिक पांढरा होतो, कातडी काळीच राहते. राजस्थानात याच रंगाला नीला म्हणतात. राणा प्रतापांचा चेतक नीला म्हणून सांगितला जातो तो याच अर्थाने, आकाशासारखा निळा घोडा कुठे नसतो. त्या शेजारगावच्या घोड्याची नाकपुडी, डोळ्यांच्या कडा आणि शेपटीखालची कातडी पाहून या. काळी असेल तर तो सब्जा. मालकाकडे त्याचा तरुणपणीचा फोटो असेल तर तोही मागा, तो किती गडद होता ते दिसेल.

सब्ज्याचा हिशेब सोपा आहे. पांढरं करणारा हा गुण आईकडून किंवा बापाकडून यावाच लागतो, तो पिढी ओलांडून मधूनच उगवत नाही, आणि अंगात असला तर दडून राहत नाही. तो एका जनुकातल्या लहानशा तुकड्याची प्रत दुप्पट झाल्यामुळे येतो, हे स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ साली दाखवलं. ज्या घोड्यात हा गुण दोन्हीकडून आलेला असतो त्याची सगळीच पोरं पांढरी होतात. ज्याच्यात एकीकडूनच आलेला असतो त्याची निम्मी होण्याची शक्यता. तुमच्या दोन शिंगऱ्यांपैकी एक काळीच राहिली आहे, म्हणजे त्या घोड्यात तो एकीकडूनच आलेला आहे. दोघींच्या गर्भात रुपया उडाला, एकीचा छापा पडला, एकीचा काटा. वाटणीच्या कितीतरी आधी हे ठरून गेलं होतं. दादांनी कुठलीही शिंगरी निवडली असती तरी त्या दिवशी घरातल्या कुणाच्याच हातात काही नव्हतं.

"कुमैतच्या पोटी काळी येईलच कशी" याचंही उत्तर आहे. कुमैत म्हणजे काय, तर अंग तांबूस तपकिरी, आयाळ-शेपटी काळी, पाय गुडघ्यापासून खाली काळे. या घोड्यात काळा रंग असतोच. फक्त एक गुण त्याला अंगभर पसरू देत नाही, टोकांपुरता बांधून ठेवतो. त्या गुणाची एकच प्रत अंगात असली तरी घोडी कुमैत दिसते, पण निम्म्या पोरांना ती तो गुण देत नाही. बापाकडूनही तो आला नाही की काळं सगळीकडे पसरतं. तुमच्या शिंगरीचं तसं झालं असणार. दोन काळ्यांपासून कुमैत होऊ शकत नाही, पण कुमैतपासून काळं सहज होतं. आणि दोन काळ्यांपासून तांबडं सुरंग शिंगरूही होऊ शकतं, त्यामुळे "काळीची काळीच" ही समजूत तिथेही टिकत नाही. घोड्यांच्या रंगांत डोळे मिटून मानावा असा आणखी एक नियम मला ठाऊक आहे, तो म्हणजे दोन सुरंगांचं पोर सुरंगच होतं.

आता दादांच्या शिंगरीला काय झालंय ते पाहू, कारण त्यांना तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या आहेत आणि माणूस गोंधळला की चिडतो.

गर्रा आणि सब्जा लहानपणी फसवतात. दोन्हीत गडद केसांत पांढरे केस मिसळलेले असतात. पण गर्ऱ्याचं डोकं आणि गुडघ्याखालचे पाय गडदच राहतात, पांढरी मिसळ अंगावर असते, आणि ती एकदा दिसली की तेवढीच राहते. ऋतूप्रमाणे थोडी गडद-फिकी होते इतकंच. सब्जा डोक्यापासून पांढरा होतो. डोळ्यांभोवती चष्म्यासारखी कडी, मग नाकाड, गाल, कपाळ, आणि दरवर्षी पुढे सरकत जातो. तुम्ही लिहिलंत, "डोळ्यांभोवती सुरू झालं आणि आता सगळं तोंड करडं." त्याचं उत्तर त्या वाक्यातच आहे. शिवाय गर्ऱ्याच्या अंगावर जुनी जखम भरली की तिथे गडद केस येतात, ठिगळ लावल्यासारखे. तसं काही दिसतं का, हेही पाहून ठेवा.

कोडात कातडीचा रंग जातो. ओठ, डोळ्यांच्या कडा, शेपटीखाली गुलाबी डाग दिसतात. दादांच्या शिंगरीच्या पांढऱ्या केसांखाली कातडी काळी असेल तर तो कोड नव्हे. ही परीक्षा दोन मिनिटांची आहे, आणि तीच तुमच्या भांडणातही उपयोगी पडणार आहे, म्हणून सविस्तर सांगते.

सकाळी, ऊन कोवळं असताना, शिंगरी ठाणावर शांत उभी असू द्या. मऊ फडकं कोमट पाण्यात बुडवून तिचं कपाळ ओलं करा, केस कातडीला चिकटेपर्यंत. वरून सगळं करडं-पांढरं दिसत असलं तरी ओल्या केसांतून खालची कातडी दिसायला लागेल, शिसासारखी काळी. आणि त्या काळ्यात मध्येच एक गुलाबी ठिपका उमटेल, कडेला निळसर झाक असलेला. तो तिचा जन्माचा टिकला. टिकल्याखालची कातडी गुलाबी असते, ती मरेपर्यंत गुलाबीच राहते. घोडी उद्या दुधासारखी पांढरी झाली तरी पाण्याने तो टिकला परत दिसतो. मी हे पहिल्यांदा पाहिलं ते एका म्हाताऱ्या मोतद्दाराच्या, म्हणजे घोडे सांभाळणाऱ्याच्या हातून. पांढऱ्याशुभ्र घोड्याच्या कपाळावर त्याने ओंजळभर पाणी थापलं आणि वीस वर्षांपूर्वीचा चांद माझ्यासमोर वर आला. अजून आठवलं की अंगावर काटा येतो.

म्हणून तुमच्या प्रश्नाचा निकाल रंग नाही, कपाळ लावेल. दोघींनाही टिकला होता असं तुम्ही लिहिता, पण दोन टिकले हुबेहूब सारखे नसतात. एखादा गोल, एखादा खालून निमुळता, एखादा डाव्या डोळ्याकडे कललेला. टिकल्यापेक्षाही पक्का भोवरा. कपाळावरचे केस जिथून गोल फिरतात ती जागा, डोळ्यांच्या रेषेच्या वर की खाली, मधोमध की बाजूला, एक की दोन, हे जन्मापासून बदलत नाही. आपल्याकडे भोवऱ्यावरून शुभ-अशुभ ठरवतात. ते मी मानत नाही. पण त्या निमित्ताने घोडेवाल्यांनी पिढ्यान् पिढ्या भोवरे बारकाईने पाहिले, त्याबद्दल मला आदर आहे. शर्यतीच्या थरोब्रेड शिंगरांची नोंद होते तेव्हाही, पुण्यात त्यांची वंशनोंदवही ठेवणाऱ्या संस्थेत, ओळख रंगावर सोडत नाहीत. पांढऱ्या खुणा, भोवरे, मायक्रोचिप आणि आई-बापाची डीएनए पडताळणी, इतकं लागतं.

दोन्ही शिंगऱ्यांचे दूध पीत असतानाचे फोटो शोधा. हे फार महत्त्वाचं आहे. घोडी दुसरीचं शिंगरू सहसा थानाला लागू देत नाही, कान मागे टाकून लाथ झाडते. तेव्हा कुमैतच्या कासेखाली जी शिंगरी दिसते ती कुमैतचीच. लग्नाच्या, बारशाच्या, पोरांच्या मोबाईलमधल्या फोटोंत ती कुठेतरी कोपऱ्यात असणारच. वहिनींचा आणि पुतण्यांचा मोबाईलही बघायला सांगा; पुरावा दादांच्या घरातूनच निघाला तर त्यांना तो जास्त पटेल. फोटोतला टिकला-भोवरा आणि आजचा टिकला-भोवरा शेजारी ठेवा.

एवढ्यावर मिटलं नाही तर केसांची तपासणी. आयाळीचे वीस-तीस केस मुळाच्या गाठीसकट उपटायचे, कापायचे नाहीत, कारण डीएनए मुळात असतो. दोन्ही घोड्या आणि दोन्ही शिंगऱ्या, चार कागदी पाकिटं, प्रत्येकावर नाव आणि तारीख. केस दोघा भावांनी एकत्र उभं राहून काढा. कुठली प्रयोगशाळा हे काम करते, ते तुमच्या पशुवैद्यकांना विचारा. खर्च तुम्ही करा. त्याचं कारण पुढे येतं.

आता तुमच्या शिंगरीबद्दल, कारण दादांचा दुसरा आरोप पूर्ण पोकळ नाही. उन्हाने तांबूस पडलेला मुश्की आणि तेलिया कुमैत यांत चांगल्या माणसाची फसगत होते. तेलिया कुमैत म्हणजे इतका गडद कुमैत की चार हातांवरून काळाच वाटावा. ओळखायची वेळ एकच, हिवाळ्याचा कोट गळून नवीन आखूड केस येतात तेव्हा, फाल्गुन-चैत्रात. त्या ताज्या केसांत ती नाकाडाच्या टोकाला, डोळ्यांभोवती, कुशीत आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला तपकिरी दिसली तर ती तेलिया कुमैत. तिथेही काळीच असली तर मुश्की, मग वैशाखात पाठ कितीही तांबूस होवो. उन्हाची तांबूस झाक पाठीवर, आयाळीच्या टोकांना आणि खोगिराखालच्या घामाच्या जागी येते, मुळाशी केस काळेच असतात. केस उलटे फिरवून मूळ पाहा. खाण्यात तांबं कमी पडलं तरी काळा कोट विटतो, तेव्हा चंदी आणि खनिज मिश्रणाबद्दल एकदा डॉक्टरांशी बोला. स्वतःच्या मनाने तांबं घालू नका. आणि ती तेलिया कुमैत निघालीच तर? तर दादा एका बाबतीत बरोबर होते, असं त्यांना मोकळेपणाने सांगा. त्यामुळे ती कुमैतची पोर असण्याला बळच मिळेल.

माझी चूक आता सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका शेतकऱ्याच्या सहा महिन्यांच्या शिंगराच्या कागदावर मी "रंग: काळा" असं लिहिलं. खुणांची जागा घाईत कोरी सोडली. पाच वर्षांनी तो माणूस पांढरा घोडा घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. विकायला गेल्यावर गिऱ्हाइकाने कागद पाहून त्याला चोर ठरवलं होतं. त्याचा चेहरा मी विसरलेले नाही. त्यानंतर दोन वर्षांखालच्या जनावराच्या कागदावर मी रंगाआधी खुणा लिहिते, आणि बाप किंवा आई सब्जी असेल तर तीही नोंद करते. युरोपात स्लोव्हेनियातल्या लिपिका गावी १५८० पासून घोड्यांची पैदास होते, आणि आज तिथले बहुतेक घोडे पांढरे असतात. त्या जातीची शिंगरं काळी-तपकिरी जन्मतात आणि सहा ते दहा वर्षांची होईतो पांढरी होतात. तिथल्या माणसाला आईशेजारी काळं पोर पाहून नवल वाटत नाही. आपल्याकडे सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत किंवा माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत मार्गशीर्षातल्या थंडीत शिंगरं येतात, लांब, फुललेल्या हिवाळी केसांत. रंग ओळखायला याहून वाईट वेळ नाही. तिथे घेणाऱ्यांनी शिंगराकडे कमी आणि त्याच्या आई-बापाकडे जास्त पाहावं.

दुसऱ्या वाचकांकडूनही असे प्रश्न येतात, म्हणून दोन गोष्टी इथेच लिहिते. लहान शिंगराच्या पाठीवर आयाळीपासून शेपटीपर्यंत गडद रेघ दिसली की काही विक्रेते ते समंद, म्हणजे फिकट पिवळसर अंगाचं आणि पाठीवर गडद रेघ असलेलं, म्हणून सांगतात. साध्या कुमैतच्या जावळातही अशी रेघ असते आणि ती जावळाबरोबर जाते. खऱ्या समंदाची रेघ ताणून काढल्यासारखी स्पष्ट असते, दुसऱ्या कोटातही राहते, आणि बहुधा पायांवर आडवे पट्टेही असतात. तसंच कुमैत शिंगराचे पाय जन्मताना फिके असतात, म्हणून ते सुरंग वाटतं. आयाळीच्या मुळाशी आणि कानांच्या कडांना काळे केस आहेत का पाहा. गुडघ्याजवळ जावळ घासून गेलं असेल तर खालून काळं डोकावतं. तेवढ्याने कळतं.

दादांना कलपाचा सल्ला देणाऱ्याचं ऐकू देऊ नका. ओल्या पांढऱ्या फडक्याला रंग लागतो, आणि नाही लागला तरी पुढचे केस मुळाशी पांढरे येतातच. फसलेला माणूस तुमच्याच घराचं नाव घेत फिरेल. खरं तर ती शिंगरी लपवण्याजोगी नाहीच. पुढची चार-पाच वर्षं तिच्या अंगावर रुपयाएवढे चट्टे फुलतील, मग ती पांढरी होईल, आणि वरातीला पांढरी घोडीच मागतात. आज काळी म्हणून जे गिऱ्हाईक गेलं असेल त्याच्या बदल्यात उद्या दुसरं येईल, थांबायची तयारी हवी. काळजी घ्यायची ती एका गोष्टीची. सब्ज्या घोड्यांना वय वाढलं की शेपटीखाली, गुदाभोवती, कानामागे काळ्या कठीण गाठी येतात. पंधरा वर्षांवरच्या बहुसंख्य सब्ज्यांना त्या येतात. बऱ्याचशा हळू वाढतात, काही घातक होतात. दरवर्षी एकदा शेपूट उचलून हाताने चाचपून पाहायची सवय दादांनी आतापासून लावून घ्यावी. हे तुम्ही त्यांना सांगा. भांडणात असताना भावाच्या घोडीच्या तब्येतीचं सांगितलेलं माणूस लक्षात ठेवतो.

आता मेहुण्याचं वाक्य. माझ्या मते पत्राचा गाभा तो आहे, म्हणूनच तुम्ही तो शेवटी लिहिलात.

तुम्ही फसवलं नाही. निवड दादांनी केली, आईसमोर केली, आणि मेहुण्याचं बोलणं हा अंदाज होता. तुम्हाला खात्री नव्हती. पण एक माहिती तुमच्याकडे होती, भावाकडे नव्हती, आणि निवड होत असताना तुम्ही गप्प बसलात. दादांना ते कळलेलं नसलं तरी काहीतरी झाकलेलं आहे, हे त्यांना तुमच्या वागण्यातून जाणवत असेल. अदलाबदल हा त्यांनी त्या जाणवण्याला दिलेला चुकीचा आकार आहे, असं मला वाटतं. उद्या डीएनएचा कागद आणून तुम्ही जिंकलात आणि मग मेहुण्याचं वाक्य कुठल्याशा लग्नात त्याच्याच तोंडून बाहेर पडलं, तर तो कागद फुकट जाईल. म्हणून फोटो दाखवायच्या आधी हे सांगा. "दादा, वाटणीच्या आधी भाऊजी मला असं म्हणाले होते. मी तुला सांगितलं नाही. तेव्हा मला वाटलं, सांगितलं तर तू मळकी उचलशील." खरं कारण हेच असेल तर हेच शब्द वापरा, गोड करू नका. तपासणीचा खर्च तुम्ही करा म्हटलं ते याचसाठी.

आई म्हणते तशी घोडी देऊन टाकावी का? मी म्हणेन, नको. दिलीत तर न केलेली अदलाबदल कबूल केल्यासारखं होईल, आणि ते आयुष्यभर तुमच्या मुलांच्या कानावर येईल. शिवाय अडीच वर्षं तुमच्या हाताची, तुमच्या आवाजाची सवय झालेली तरुण घोडी केवळ रंगासाठी हलवणं तिच्यासाठीही बरं नाही. अदलाबदल, म्हणजे आता खरंच अदलाबदल, हाही मार्ग काही घरांत निघतो. त्याने दोघांच्याही गोठ्यात परकी घोडी उभी राहते आणि मनातली शंका तशीच राहते. पैशांनी फरक भरून द्यावा का, यावर मी बराच विचार केला. आज द्यायचं कारण नाही, कारण आज कुणाचं नुकसान किती हे कुणालाच सांगता येणार नाही. तुमच्या मनाला टोचत असेल तर एक करता येईल. तुमच्या काळ्या शिंगरीला पुढे पहिलं शिंगरू होईल ते दादांना देण्याचा शब्द द्या. पण तो शब्द मेहुण्याच्या वाक्याची भरपाई म्हणून द्या, आरोपाची म्हणून नव्हे, आणि आईसमोर द्या. बायकोला मात्र आधी विचारा. अडीच वर्षं खरारा करणाऱ्या हातांत तिचेही हात आहेत, तिला डावलून दिलेला शब्द घरात दुसरं भांडण उभं करेल.

दादांना एक गोष्ट विचारून पाहा: त्यांनी काळी शिंगरी कुणाला आधीच कबूल केली होती का? "दीड वर्षाची झाल्यापासून" हा राग वाढत गेलाय, म्हणजे रंगाबरोबर वाढलाय. कुणाचा विसार घेतला असेल, कुणाला तोंड दाखवायची लाज वाटत असेल, तर ती अडचण तुम्ही दोघं मिळून सोडवू शकता. त्या गिऱ्हाइकाला खरं सांगायला तुम्ही बरोबर जा.

आणि ते पहिलं शिंगरू जन्मेल त्या दिवशी, अंग वाळलं की, त्याचे फोटो काढा. कपाळ समोरून, दोन्ही बाजू, चारही पाय, आणि एका फोटोत ते दूध पिताना, घोडीचा चेहरा दिसेल असं. तोच फोटो तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षाने, त्याच जागी उभं करून. मागे एका वहीत तारीख, आई, बाप, टिकला आणि भोवरा लिहा. रंगाची ओळ दुसरा कोट येईपर्यंत कोरी ठेवा.